अंदाजे दोन इंच

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा हेरलेकरांनी शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि माझ्या पुरीचा व्यास मोजला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. चौथी टम्म फुगली होती, तर तिची उंचीही घेतली.

"वहिनी," ते म्हणाले, "पहिलीत आणि तिसरीत नऊ मिलिमीटरचा फरक आहे. ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय?"

माझ्या पुऱ्यांचं ड्रॉइंग नाही, हे मी त्यांना सांगितलं. एक्स-रे बघताना डॉक्टर हलवतात तशी त्यांनी मान हलवली आणि चौदा पुऱ्या खाल्ल्या. निघताना दारात बूट घालता घालता म्हणाले, "चव उत्तम आहे. पण पुढच्या वेळी अशीच येईल याची खात्री देता येत नाही."

माझा नवरा महेश त्यांना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाणसामानाच्या दुकानात भेटला होता. हेरलेकर तिथे पापडांच्या पाकिटाशी उभे राहून दुकानदाराला सांगत होते की, पाकिटावर छापलेला पापड आणि आतला पापड यांत साम्य नाही. महेशला असली माणसं फार आवडतात. त्यांना घरी आणतो तो आणि सांभाळते मी.

वय एकसष्ट, मूळ गाव चिंचवड. शिकागोपासून तासाभरावर, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एका अपार्टमेंटमध्ये एकटेच राहतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. वयाने ते मी काका म्हणावं इतके मोठे नाहीत आणि नुसतं दत्ता म्हणावं इतके लहान नाहीत, म्हणून मी हेरलेकर म्हणते. माझी बारा वर्षांची मुलगी तन्वी त्यांना काका म्हणते.

कारखान्यात त्यांच्याकडे तीन रंगांची लेबलं असतात. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. पिवळं म्हणजे माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, तरीही घेणारा जाणूनबुजून घेतोय आणि तशी सही करतोय. हिरव्या आणि लाल लेबलांची रिळं त्यांच्या गाडीतही असतात. आमच्या अंगणाच्या लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला गेली चार वर्षं लाल लेबल आहे, कारण ती बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी सव्वाशे मोदक तपासले आणि एकोणीस बाजूला काढले. त्या एकोणीस मोदकांच्या बायका अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

"आणि पिवळं कधी लावता?" मी एकदा विचारलं.

"मी नाही लावत. एकतीस वर्षांत एकदाही नाही. ते काम घेणाऱ्याचं. इन्स्पेक्टरने फक्त काय आहे ते सांगायचं."

त्यांच्या घरी मी दोनदाच गेले. स्वयंपाकघरात डबे उंचीप्रमाणे. बायकोचा फोटो भिंतीवर, पाणसळ लावून सरळ केलेला. त्या जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असतो. त्याने वडिलांना एक बोलणारा डबा पाठवलाय, विचारलं की हवामान सांगणारा. हेरलेकर त्याला चिंचवडच्या इंग्रजीत हाक मारत आणि डबा म्हणे, मला समजलं नाही. हे दिवसातून चार-पाच वेळा चाले. "यार, हा पहिल्या दिवसापासून रिजेक्ट आहे," ते म्हणायचे. पण त्याला लाल लेबल मात्र लावलं नव्हतं. रविवारी ते मुलाला फोन करत, आणि बहुतेक रविवारी निरोप ठेवत.

तर अशा माणसाच्या हाती आम्ही एका शेळीचं भवितव्य दिलं.

झालं असं की तन्वी गेल्या वर्षी मुलांच्या पशुपालन क्लबात गेली. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली व्हायोलिन वाजवतात, हिला शेळी हवी होती. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, नियमांत शेळी बसत नाही, त्यामुळे आम्ही वीस मैलांवरच्या लिंडाच्या फार्मवरची एक वर्षभरासाठी घेतली. म्हणजे शेळी लिंडाची, राहणार लिंडाकडे. चारापाणी, खरारा, साफसफाई आणि उन्हाळ्यातल्या काउंटी फेअरमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेत, प्रदर्शनाला उभं करणं हे तन्वीचं. लिंडा सत्तरीची, लांब पांढरी वेणी, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं कमी.

शेळी 'लामांचा' नावाच्या अमेरिकन जातीची. या जातीला कान जवळजवळ नसतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना जरा कुठे काहीतरी चिकटवल्यासारखं दिसतं. तन्वीने तिचं नाव ठेवलं वेलची, कारण कान तेवढेच. लिंडा तिला "वेल-ची" म्हणायची, दोन वेगळ्या बाया असल्यासारखी.

वेलची कुणाचंही ऐकत नसे. तन्वीने हाक मारली की ती विरुद्ध दिशेला बघायची. मात्र हेरलेकर एका रविवारी आमच्याबरोबर आले (आधी लिंडाच्या कुंपणाच्या फटी मोजल्या आणि काही बोलले नाहीत, म्हणजे त्या वाईट होत्या), कुंपणाशी उभे राहून त्यांनी "वेलचेऽ" अशी खणखणीत हाक घातली, आणि ती शेळी कुरणाच्या त्या टोकाहून पळत आली. ते एकदम मागे सरकले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी पुन्हा हाक मारली. ती पायाशीच उभी होती तरी. त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले.

लिंडाने आम्हाला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. तिच्या गोठ्यात शेळ्यांचे अठरा खण. त्यांत ती फक्त जातीच्या नियमांत बसणाऱ्या शेळ्या ठेवते. वेलचीचे आई-बाप दोघेही कागदोपत्री अस्सल, पण हिचे कान जरा मोठे वाटत होते. फेअरमध्ये ती लामांचा म्हणून पास झाली तर राहील. नाही झाली तर शनिवारच्या जनावरांच्या बाजारात जाईल. तिथून पुढे शेळ्या कुठे जातात ते मी तन्वीला सांगितलं नव्हतं. तिने शोधून काढलं आणि दोन दिवस जेवली नाही.

फेअरचं नियमपुस्तक पन्नास-साठ पानांचं होतं. मी महत्त्वाच्या तारखांना खुणा करून ते फ्रिजवर अडकवलं. हेरलेकर चहाला आले असताना त्यांनी ते काढून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.

"वहिनी, पान एकोणचाळीस वाचलंत?"

"तारखा वाचल्यात."

"ऐका. कानाची कमाल लांबी अंदाजे दोन इंच." पान फडफडवल्याचा आवाज आला. "कमाल आणि अंदाजे. एकाच वाक्यात! कमाल म्हणजे भिंत. भिंत अंदाजे कशी असेल? तुम्ही अंदाजे भिंतीवर डोकं आपटून दाखवा."

मी म्हटलं, मला अजून दात घासायचेत.

"आणि कान मोजायचा कुठून? केस धरून की सोडून? कोणत्या तापमानाला? वीस डिग्री सेल्सियस हे मोजमापाचं तापमान आहे, जगभर!"

"हेरलेकर, ती शेळी आहे."

"म्हणून काय तिला अंदाजे न्याय द्यायचा?"

जनावरं नोंदवायचा दिवस बुधवार. माझ्याजवळ यादी होती: लसीचा दाखला, पट्टा, पांढरी पॅंट, पांढरा शर्ट, दोन बादल्या, ब्रश, ओले रुमाल. यादीत हेरलेकर नव्हते, पण ते सकाळी सात वाजता आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले होते.

वेलचीला लिंडा तिच्या गाडीतून परस्पर घेऊन आली होती. फेअरच्या मैदानावर शेळ्यांच्या शेडमध्ये नोंदणीचं काम डेल नावाच्या गृहस्थांकडे होतं. भलामोठा देह, टोपी, घडीच्या खुर्चीत बसलेले. प्रत्येक मूल शेळी घेऊन पुढे येई, डेल एक नजर टाकत आणि म्हणत, "लामांचा," किंवा "इतर." आमच्या पुढे एक मुलगी होती, तिच्या घरी आजोबांपासून शेळ्या. तिच्या शेळीचे कान मला तरी वेलचीएवढेच वाटले. डेलनी तिच्या आजोबांची चौकशी केली आणि म्हणाले, "लामांचा." मग वेलचीकडे बघितलं. "कान लांब आहेत, बाळ. इतर."

तन्वीचा चेहरा पडला. "आई, दॅट्स नॉट फेअर. त्याने मोजलं पण नाही."

मी तिला समजावणार होते, पण हेरलेकर पुढे झाले होते. खिशाची चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला.

"सर, कशाने ठरवलंत?"

"बघून," डेल म्हणाले. "चाळीस वर्षं बघतोय. लांब कान मला कळतो."

"कान कुठून सुरू होतो?"

"डोक्यापासून."

"आणि डोकं कुठे संपतं?"

एक शेळी खोकली. डेलनी टोपी काढली, टक्कल खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मला वाटतं, चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता.

हेरलेकरांनी लेखी हरकत दिली. ती घरूनच टाइप करून आणली होती, तीन प्रतींत. तिच्यातलं पहिलं वाक्य असं होतं: 'आई पास, वडील पास आणि मुलगी नापास असेल, तर चूक पार्टची नाही.' डेलनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "बरं बाबा, मोजू." आणि शिवणकामाच्या विभागातून कापडी टेप मागवली.

हेरलेकर टेपकडे असे बघत होते, जसं कुणी त्यांच्या आमटीत पडलेल्या माशीकडे बघेल. "ही ताणते," ते म्हणाले. त्यांनी टेप ताणून दाखवली. दोन इंचांचे सव्वादोन झाले. डेल प्रभावित झाले, हे मला कबूल केलं पाहिजे.

पुढचा पाऊण तास त्या दोघांनी घडीच्या टेबलावर बसून नियम लिहिला. कान कवटीच्या कडेपासून मोजायचा. केस दाबून. तीन वेळा, आणि सरासरी. फक्त एका शेळीला नाही, सगळ्या अकरा लामांचांना, नाहीतर तो न्याय नाही. तापमानाचा मुद्दा हेरलेकरांनी सोडला, पण सोडल्याची नोंद करून घेतली. शेवटी उरला "अंदाजे" हा शब्द.

"त्याला आकडा द्या," हेरलेकर म्हणाले.

"राहू दे ना तसाच," डेल म्हणाले. "बरा शब्द आहे तो."

"उद्या दुसरं कुणी या खुर्चीत बसेल. त्याचं अंदाजे वेगळं असेल. मुलांनी काय करायचं?"

मग आकडा ठरला. दोन इंच, अधिक शून्य पूर्णांक पाच शतांश, म्हणजे दोन पूर्णांक शून्य पाचपर्यंत पास. दोघांनी सह्या केल्या. हेरलेकरांच्या चेहऱ्यावर मी तेवढं समाधान चौदा पुऱ्यांनंतरही पाहिलं नव्हतं.

अकरा शेळ्यांचे बावीस कान मोजणं ही काय चीज आहे ते लिहून सांगणं अवघड आहे. व्हर्नियरचं थंड स्टील लागलं की शेळी कान झटकते. एकीने हेरलेकरांचा चष्मा नेला, तो एका मुलाने तिच्या तोंडातून सोडवला. एक चक्क बसली आणि उठायला तयार होईना, तेव्हा ते तिच्याशेजारी पेंढ्यात आडवे झाले आणि झोपूनच आकडा वाचला. सगळी मुलं रांग सोडून भोवती जमली होती आणि प्रत्येक आकड्याला ओरडत होती. आजोबांपासून शेळ्या असलेल्या मुलीच्या शेळीचा कान भरला एक पूर्णांक चौऱ्याण्णव. पास. तिच्या आजीने टाळ्या वाजवल्या. दहा शेळ्या पास झाल्या.

अकरावी वेलची. तिने कान झटकला नाही. हेरलेकरांनी हात लावला तशी ती स्वस्थ उभी राहिली, आणि डोकं त्यांच्या खिशापाशी टेकवलं.

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला बराच वेळ घेतला. चष्मा पुसला. दुसरा कान घेतला. त्यांचे ओठ हलत होते, पण मुलं ओरडायची थांबली होती, कारण ते आकडा सांगत नव्हते.

"काका?" तन्वी म्हणाली.

"दोन पूर्णांक अकरा," ते म्हणाले.

डेल खुर्चीतून उठले. मोठा माणूस हळू उठतो तसे. जवळ आले आणि हेरलेकरांच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "दोन अकरा म्हणजे अंदाजे दोनच की रे. जाऊ दे. मी लामांचा लिहितो."

मी बघत होते. तन्वी बघत होती. लिंडा खांबाला टेकून उभी होती, तीही बघत होती. हेरलेकरांनी फक्त "थँक यू" म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं.

ते म्हणाले, "सर, सही झाली आहे."

"कागद फाडू. कुणाला पडलीय?"

"शेळी दुसऱ्या कुणाची असती तर मी नापास म्हटलं असतं." त्यांनी व्हर्नियर बंद करून खिशात ठेवला. खिशाची चेन दोनदा अडकली. "नापास."

येताना गाडीत तन्वी खिडकीबाहेर बघत राहिली. मी रस्त्याकडे. बराच वेळ मक्याची शेतं गेली.

"काका, यू वेअर ऑन माय साइड," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही नसता आलात तर त्याने नंतर ऐकलंही असतं. आता वेलची शनिवारी जाणार."

मागच्या सीटवर हेरलेकर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी मी पोलीस भरतीला गेलो होतो. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर हवी होती. मोजणारा शेंगदाणे खात होता. माझ्याकडे बघितलंही नाही, पट्टी टेकवली आणि म्हणाला, साडेचौसष्ट, चल पुढे. घरी येऊन शाळेतल्या मास्तरांकडून मोजून घेतलं. एकशे पासष्ट पूर्णांक दोन. परत गेलो, तर म्हणाले, एकदा मोजलं ना? पहिल्या पगारात मी हा व्हर्नियर घेतला." त्यांनी खिशावर हात ठेवला. "नीट मोजून नापास केलं असतं, तर मी घरी जाऊन गप झोपलो असतो."

"मी नाही झोपणार," तन्वी म्हणाली.

हेरलेकर त्यांच्या घरापाशी उतरले तेव्हा गाडीचं दार लावायला विसरले. मी त्यांना कधीच काही विसरताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी वेलचीला "इतर" गटात तिसरा नंबर मिळाला. गटात तीन शेळ्या होत्या. हेरलेकर आले नाहीत, फोन नाही. शुक्रवारी महेश पोहे घेऊन गेला तर घर बंद, गाडी नाही.

शनिवारी सकाळी मी तन्वीला घेऊन लिंडाकडे निघाले. निरोप घेऊ नये असं माझं मत होतं. पण तिने गाजरं चिरून डब्यात भरली होती आणि डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली होती.

वेलचीचा खण रिकामा होता. तन्वी तिथेच उभी राहिली. डब्याचं झाकण उघडलं नाही.

"गेली?" मी लिंडाला विचारलं.

"मागे आहे," लिंडा म्हणाली आणि हातातल्या फावड्याने दिशा दाखवली. "तुमचा माणूस गुरुवारी पहाटेच आला. म्हणाला, तुझ्या कुंपणात बावन्न दोष आहेत. म्हटलं, मग दुरुस्त कर. म्हणाला, करतो, आणि दर शनिवार-रविवार येऊन सगळं फार्म नीट करतो, पण बदल्यात एक खण लागेल." तिने फावडं भिंतीला टेकवलं. "कोंबड्यांच्या मागची जुनी खोली दिली. खण एकोणिसावा झाला. दाराची फट त्याने सहा वेळा मोजली."

शेडच्या मागे हेरलेकर उलट्या बादलीवर बसले होते. पॅंट गुडघ्यांपर्यंत चिखलात, हातात पक्कड. आम्हाला बघून ते उठले आणि एकदम कामाचं बोलायला लागले. "वहिनी, हा खांब अडीच अंशांनी कललाय, याला आधार..." मग तन्वीकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

वेलची त्यांच्यामागे उभी होती. तन्वीने तिच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा पट्ट्याला अडकवलेलं लेबल हललं. पिवळं.

लेबलावर कारखान्याचे छापील रकाने होते आणि ते सगळे हेरलेकरांच्या सुबक अक्षरात भरलेले होते. पार्टचं नाव: वेलची. हवं ते माप: दोन इंच. प्रत्यक्ष माप: दोन पूर्णांक अकरा. इन्स्पेक्टरचा निर्णय: नापास, आणि खाली त्यांची सही. त्याच्या खालचा रकाना: तरीही स्वीकारणाऱ्याची सही. तिथेही त्यांचीच.

"एकतीस वर्षांत पहिलं," मी म्हटलं.

"नियमात बसतं," ते घाईने म्हणाले. "फक्त दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. ते बघावं लागेल."

शेवटचा रकाना होता, स्वीकारण्याचं कारण. बाकी सगळं इंग्रजीत लिहिलं होतं, हे एवढंच मराठीत, म्हणजे लिंडाला वाचता येऊ नये म्हणून असणार. तन्वीला बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. तिने दोन अक्षरं लावली आणि लेबल माझ्यापुढे धरलं.

"आई, व्हॉट डझ इट से?"

हेरलेकर पाठ करून खांबाशी काहीतरी करत होते. मी वाचून दाखवलं.

"हाक मारली की येते."